बारकोड : आधी नंबर, मग रेघा

बारकोड बनवायला बसलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदा बारकोड जनरेटर उघडतो. समोर रिकामी चौकट येते, तिच्यात काय टाकायचं हा प्रश्न तिथे पहिल्यांदाच पडतो आणि सुचेल तो नंबर टाकून तो मोकळा होतो. रेघा छान उमटतात, स्कॅनर टुक करून वाजतो. अडचण पुढे येते. दोन वस्तूंना एकच नंबर गेलेला असतो, नाहीतर एका वस्तूला तीन, आणि तोवर लेबलं चिकटवून झालेली असतात. म्हणून या लेखाचा क्रम वेगळा ठेवला आहे : आधी नंबर, मग यादी, मग रेघा आणि छपाई, आणि शेवटी स्कॅनर.

एक सूचना आधीच देतो. लेखात आकडे देवनागरीत आहेत, पण सॉफ्टवेअरमध्ये ते इंग्रजी आकड्यांतच टाकायचे. वस्तूंवर लागणारे रेघांचे बारकोड देवनागरी आकडे स्वीकारत नाहीत.

रेघांमध्ये असतं काय

वस्तूवरच्या नेहमीच्या बारकोडमध्ये वस्तूचं नाव नसतं, किंमत नसते, शिल्लक साठाही नसतो. असतो फक्त एक नंबर. स्कॅनर तो वाचतो आणि संगणक आपल्या यादीत त्या नंबरची ओळ शोधतो. नाव, दर, साठा हे सगळं त्या ओळीत असतं. म्हणूनच दर बदलला तरी लेबल बदलावं लागत नाही. आणि म्हणूनच यादी चुकीची असेल तर बारकोड काहीही सुधारत नाही, चुकीचीच माहिती जास्त वेगाने हातात देतो.

रेघांची कल्पना तारयंत्राच्या मोर्स कोडमधून आली. नॉर्मन वुडलँड यांनी मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटांनी टिंब आणि डॅश काढले आणि ते खाली ओढले, तेव्हा त्यांच्या बारीक-जाड रेघा झाल्या. वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ मध्ये पेटंट मिळालं. दुकानाच्या काउंटरवर मात्र पहिली वस्तू स्कॅन झाली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय इथे. ती वस्तू म्हणजे च्युइंगमचं पाकीट. मधल्या बावीस वर्षांत रेघा सुचण्याचं काम उरलंच नव्हतं. स्वस्त लेझर आणि संगणक यायचे होते, आणि कुठल्या वस्तूला कुठला नंबर द्यायचा यावर सगळ्यांचं एकमत व्हायचं होतं.

आता जवळची कुठलीही पॅकबंद वस्तू हातात घ्या आणि तिचा बारकोड नीट बघा. तेरा अंकी असेल तर तो ईएएन-१३ नावाचा प्रकार. त्याची पूर्ण रुंदी ९५ सारख्या भागांची असते. सुरुवातीच्या लांब रेघांचे ३ भाग, मधल्यांचे ५, शेवटच्यांचे ३ आणि प्रत्येक अंकाचे ७. प्रत्येक अंकात दोन काळ्या रेघा आणि दोन पांढरे पट्टे. पण ९५ मधून ते ११ वजा केले तर ८४ उरतात, म्हणजे बाराच अंक. मग तेरावा कुठे गेला? पहिला अंक रेघांनी काढलेलाच नसतो. डाव्या सहा अंकांना रेघांच्या दोन प्रकारच्या ठेवणी असतात, आणि कुणाला कुठली ठेवण दिली यावरून स्कॅनर पहिला अंक ओळखतो. छापील बारकोडमध्ये पहिला अंक रेघांच्या बाहेर, डावीकडे एकटा उभा दिसतो तो यामुळेच.

शेवटचा अंक : चेक डिजिट

तेरावा अंक आपण निवडत नाही, तो आधीच्या बारा अंकांवरून काढला जातो. एकदा हाताने काढून बघाच, कारण नंबर टाइप करतानाच्या चुका नेमक्या कुठे पकडल्या जातात हे त्यातून कळतं.

समजा बारा अंक आहेत २०००१३५४७२६८. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांवरचे अंक मिळवा : २+०+१+५+७+६ = २१. सम जागांवरचे मिळवा : ०+०+३+४+२+८ = १७, आणि त्याला ३ ने गुणा, ५१. बेरीज ७२. पुढचा दहाच्या पटीतला आकडा ८०, फरक ८. चेक डिजिट ८, आणि पूर्ण नंबर २०००१३५४७२६८८. बेरीज मुळातच दहाच्या पटीत आली तर चेक डिजिट शून्य.

आता टाइप करताना १३ चं ३१ झालं असं धरा. विषमांची बेरीज २३, समांची १५, म्हणजे २३+४५ = ६८, आणि चेक डिजिट २ यायला हवा. नंबरात आहे ८. चूक पकडली गेली. पण ७२ चं २७ झालं तर? विषम १६, सम २२, म्हणजे १६+६६ = ८२, आणि चेक डिजिट पुन्हा ८! चूक निसटली. शेजारच्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल आणि त्यांची अदलाबदल झाली, तर हा हिशेब आंधळा असतो. एकच अंक चुकला तर मात्र तो नक्की पकडला जातो. म्हणून नंबर शक्यतो हाताने टाइप करू नका. कॉपी करा किंवा स्कॅन करा.

नंबर कुठून आणायचा

आता पहिला खरा निर्णय. वस्तू तुमच्या हद्दीबाहेर दुसऱ्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन बाजारात विकली जाणार आहे, की बारकोड फक्त तुमच्या गोदामात, कार्यशाळेत, ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत फिरणार आहे?

बाहेर जाणार असेल तर नंबर जगात एकमेव हवा, आणि तो आपल्या मनाने ठरवता येत नाही. हे नंबर जीएस१ ही संस्था देते, आणि तिच्या शाखा देशोदेशी आहेत. सदस्य झालात की तुमच्या नावे सुरुवातीचे काही अंक नोंदवले जातात. पुढचे अंक तुम्ही वस्तूगणिक देता आणि शेवटी चेक डिजिट येतो. या पूर्ण नंबरला जीटीआयएन म्हणतात. पुस्तकांचं थोडं वेगळं आहे. त्यांचा ओळख नंबर म्हणजे आयएसबीएन. तो त्या-त्या देशातली आयएसबीएन संस्था देते, आणि ९७८ किंवा ९७९ ने सुरू होणारा तोच तेरा अंकी नंबर ईएएन-१३ म्हणून छापतात.

इंटरनेटवर सुटे नंबर विकणारे पुष्कळ आहेत. माझं स्पष्ट मत आहे की त्यांच्या वाटेला जाऊ नये. ते अंक मूळ सदस्याच्या नावावर नोंदलेले असतात, आणि ऑनलाइन बाजार ही नोंद तपासतात. नोंदीतलं नाव तुमचं नसेल तर वस्तूच अडकू शकते.

सुरुवातीच्या अंकांबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. ८९० म्हणजे भारतात बनलेलं, ४५ किंवा ४९ म्हणजे जपानी, असं सर्रास सांगितलं जातं. हे अंक फक्त एवढंच सांगतात की नंबर जीएस१ च्या कोणत्या शाखेकडून घेतला. वस्तू कुठे बनली हे त्यावरून कळत नाही.

दुकानातला विक्रीचा दर वेगळा म्हणून नवा नंबर लागत नाही. पण ग्राहकाला जी वेगळी वस्तू वाटते तिला वेगळा नंबर हवाच. ५०० ग्रॅम आणि १ किलो, निळा आणि लाल, एक नग आणि सहांचा संच, हे सगळे वेगळे नंबर. वस्तू बंद केली तरी तिचा नंबर दुसरीला द्यायचा नाही.

घरच्या वापरासाठी नंबर

बारकोड फक्त तुमच्या हद्दीत फिरणार असेल तर तुम्ही मोकळे आहात, आणि मोकळीक असली की नंबरात माहिती कोंबायचा मोह होतो. पहिले दोन अंक वर्गाचे, पुढचे दोन रंगाचे, मग मापाचे, पुरवठादाराचे. मीही एकदा अशीच रचना मोठ्या हौसेने केली होती. वर्गाला दोन अंक ठेवले होते आणि शंभरावा वर्ग आला. शिवाय एका वस्तूचा पुरवठादार बदलला आणि तिचा नंबर खोटं बोलायला लागला. वर्ग, रंग, पुरवठादार ही माहिती यादीच्या रकान्यांत ठेवायची असते. नंबरने फक्त ओळख सांगायची.

माझी शिफारस साधी आहे : सहा अंकी सलग क्रमांक, १००००१ पासून पुढे. सुरुवात शून्याने नको, कारण यादी ठेवायची ती एक्सेलसारखी स्प्रेडशीट सुरुवातीचा शून्य गिळून टाकते. अंकांची संख्या सगळीकडे सारखी आणि सम ठेवा, त्याचं कारण पुढे येईल. एकच अपवाद मी करतो. मांडणीच्या कप्प्यांनाही बारकोड लावायचे असतील तर त्यांचे नंबर ९ ने सुरू करा, ९००००१ असे. मग चुकून वस्तूच्या जागी कप्पा स्कॅन झाला तर डोळ्यालाही कळतं आणि सूत्रालाही.

घरच्या नंबरासाठी ईएएन-१३ च वापरायचा असेल, कारण तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर तेवढंच घेतं, तर २०० ते २९९ ने सुरू होणारे नंबर घ्या. ते अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे बाहेरच्या मालाच्या जीटीआयएनशी टक्कर होत नाही. वरच्या उदाहरणात मी २०० ने सुरुवात केली ती याचसाठी. आणि बाहेरून आलेल्या मालावर आधीच बारकोड असेल तर तोच वापरा. त्यावर स्वतःचं लेबल चिकटवून काम वाढवू नका.

यादी तयार करा

एका ओळीत एक वस्तू. रकाने : नंबर, नाव, माप किंवा एकक, वर्ग, कप्पा, किमान साठा. नंबरचा रकाना काहीही भरायच्या आधी ‘टेक्स्ट’ करून ठेवा. तसं केलं नाही तर शून्याने सुरू होणारे नंबर तुटतात आणि लांब नंबर घातांकाच्या रूपात दिसू लागतात. पंधरा अंकांच्या पुढचे अंक तर एक्सेल चक्क शून्य करून टाकतं, आणि मूळ आकडे परत मिळत नाहीत. नंतर स्कॅन होणारा रकानाही टेक्स्टच हवा. एकीकडे टेक्स्ट आणि दुसरीकडे संख्या असेल, तर दोन्ही नंबर डोळ्यांना सारखे दिसतात पण शोधसूत्र ‘सापडत नाही’ म्हणतं.

नंबरच्या रकान्यावर दुबार नंबर रंगवणारी अट (कंडिशनल फॉरमॅटिंग) लावा. दहा सेकंदांचं काम आहे.

कोणत्या प्रकारच्या रेघा

विक्रीच्या वस्तूवर ईएएन-१३. उत्तर अमेरिकेत मूळचा बारा अंकी यूपीसी चालतो, त्याच्या पुढे शून्य लावला की तो तेरा अंकी होतो. पुठ्ठ्याच्या बाहेरच्या खोक्यावर आयटीएफ-१४, भोवती जाड काळी चौकट असलेला. त्याच्या रेघा रुंद असतात आणि खडबडीत पुठ्ठ्यावरही टिकतात.

घरच्या साठ्यासाठी कोड १२८ घ्या. जुना कोड ३९ अजून पुष्कळ ठिकाणी दिसतो, कारण फॉन्ट टाकला आणि नंबराच्या दोन्ही बाजूंना तारांकन लावलं की काम होतं. पण तो फार जागा खातो. कोड १२८ मध्ये अंकांच्या जोड्या एकाच चिन्हात बसतात. सहा अंकी नंबर म्हणजे तीनच चिन्हं. सुरुवातीचं, चेकचं आणि शेवटचं चिन्ह धरून ६८ भाग, दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून ८८. तेच सहा अंक जोड्या न करता लिहिले तर १२१ भाग होतात. सम अंक ठेवा म्हटलं ते यासाठी. लहान सुट्या भागांवर २२ मिलिमीटरचं लेबल बसतं आणि ३० मिलिमीटरचं बसत नाही, तेव्हा हा फरक कळतो.

बॅच नंबर आणि मुदतीची तारीखही लेबलवरच हवी असेल तर जीएस१-१२८ (कोड १२८ चाच जीएस१ च्या नियमांचा प्रकार) किंवा चौकोनी कोड. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने मोटारींच्या सुट्या भागांसाठी आणला. त्यात मराठी मजकूरही मावतो, आणि सर्वांत वरच्या दुरुस्ती-पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो. पण साधा स्वस्त लेझर स्कॅनर त्याला वाचूच शकत नाही, कॅमेऱ्याचा स्कॅनर लागतो. विकत घेण्याआधी हे बघा.

काढणं आणि छापणं

मोफत साधनं पुरेशी आहेत. इंकस्केपमध्ये बारकोड काढायची सोय आहे, झिंट हे फक्त याच कामाचं सॉफ्टवेअर आहे, आणि लिब्रेऑफिसच्या नव्या आवृत्त्या क्यूआर आणि कोड १२८ काढतात. शेकडो लेबलं हवी असतील तर यादी जोडता येणारं लेबल सॉफ्टवेअर घ्या. चित्र एसव्हीजी किंवा ईपीएसमध्ये ठेवा. जेपीजी ताणून मोठं केलं की रेघांच्या कडा धुरकट होतात. आणि लेबलात बसत नाही म्हणून बारकोड आडवा दाबायचा नाही, कधीच नाही.

ईएएन-१३ च्या सर्वांत बारीक रेघेची मूळ जाडी ०.३३ मिलिमीटर असते. दुकानाच्या काउंटरसाठी तो साधारणपणे ८० ते २०० टक्क्यांपर्यंत लहान-मोठा करता येतो. मूळ आकारात मोकळी जागा धरून रुंदी ३७.२९ मिलिमीटर.

आता छपाईतली एक गोष्ट जवळून बघू, कारण लेबल ‘कधी वाचतं कधी नाही’ या तक्रारीच्या मुळाशी मला बरेचदा हीच सापडली आहे. लेबलं उष्णतेने छापणारा थर्मल प्रिंटर ठिपक्यांनी छापतो. २०३ डीपीआयच्या (म्हणजे इंचाला २०३ ठिपके) प्रिंटरचा एक ठिपका साधारण ०.१२५ मिलिमीटरचा. ०.३३ मिलिमीटरची रेघ त्याला अडीचपेक्षा थोड्या जास्त ठिपक्यांची पडते, आणि अर्धा ठिपका तर छापता येत नाही. मग तो एखादी रेघ दोन ठिपक्यांची करतो, शेजारची तीनची. स्कॅनरचा सगळा हिशेब रेघांच्या प्रमाणावर चालतो, आणि तेच बिघडतं. उपाय असा की बारीक रेघ पूर्ण ठिपक्यांत सांगायची. २०३ डीपीआयवर ३ ठिपके, म्हणजे ०.३७५ मिलिमीटर आणि एकूण रुंदी सुमारे ४२ मिलिमीटर. २ ठिपके घेतले तर ०.२५ होते, ती ८० टक्क्यांच्या खाली जाते. ३०० डीपीआयचा प्रिंटर असेल तर ४ ठिपक्यांत जवळजवळ मूळ माप मिळतं. घरच्या कोड १२८ ला ही मर्यादा नाही, तिथे २ ठिपके चालतात. वरचे ८८ भाग २२ मिलिमीटरमध्ये बसले ते त्या हिशेबाने.

रेघांच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा ही बारकोडचाच भाग आहे. ईएएन-१३ ला डावीकडे बारीक रेघेच्या ११ पट आणि उजवीकडे ७ पट लागते. कोड १२८ ला दोन्हीकडे १० पट. डिझाइन करणाऱ्याला ती वाया गेलेली जागा वाटते आणि तो तिथे चौकट किंवा मजकूर आणून बसवतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

रंगाचं म्हणाल तर पांढऱ्यावर काळा. बऱ्याच स्कॅनरचा उजेड लाल असतो. त्या उजेडात लाल रेघा पांढऱ्यासारख्याच दिसतात आणि बारकोड जणू गायब होतो. पारदर्शक वेष्टनावर थेट छापू नका, खाली पांढरा थर हवा. बाटलीसारख्या गोल वस्तूवर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ठेवा, म्हणजे त्या वळणाआड जात नाहीत.

थेट थर्मल लेबल उष्णतेने काळं होतं आणि उन्हाने उडतं. आठ-पंधरा दिवसांत माल निघून जाणार असेल तर ते चालेल. वर्षभर टिकायचं असेल तर रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्या. कागदी लेबलाला मेणाची रिबन पुरते, प्लॅस्टिकच्या लेबलाला आणि रसायनं लागणाऱ्या जागी रेझिनची हवी.

स्कॅनर जोडताना

यूएसबी स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो. नंबर ‘टाइप’ करतो आणि शेवटी एंटर दाबतो. तपासायला नोटपॅड उघडा आणि स्कॅन करा.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. माझ्या एका यादीत कोडमध्ये इंग्रजी अक्षरं होती. संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालू होतं, आणि अचानक पडद्यावर काना-मात्रांची खिचडी उमटू लागली. लेबल बदलून पाहिलं, केबल बदलली, स्कॅनर बदलला. दोष त्यांचा नव्हता. मधे एक पत्र लिहिलं होतं आणि कीबोर्ड मराठीवर राहिला होता. स्कॅनर कळ दाबतो, आणि त्या कळीवर जे अक्षर असेल ते उमटतं. कीबोर्डच्या मांडणीनुसार आकडेही देवनागरी उमटू शकतात. स्कॅन करण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना, हे बघा.

पूर्ण रोल छापण्याआधी वीस लेबलं छापा, खऱ्या प्रिंटरवर, खऱ्या कागदावर. ती खऱ्या वस्तूंवर चिकटवा. बोटाने घासा, ओल्या फडक्याने पुसा, मग स्कॅन करा. पहिल्या झटक्यात वाचलं गेलं पाहिजे. तीन वेळा हलवून वाचलं जाणारं लेबल नापास समजा. पडद्यावरचा नंबर रेघांखालच्या छापील नंबराशी ताडून बघा. फोनच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका, तो वाईट लेबलही सांभाळून घेतो. माल मोठ्या साखळी दुकानांना जाणार असेल तर व्हेरिफायर यंत्रावर दर्जा तपासून घ्या.

रोजच्या वापरात

साठ्याचा आकडा थेट खोडून बदलू नका. हालचालींचं वेगळं पान ठेवा : तारीख, नंबर, आवक की जावक, किती नग, कोणता कप्पा. आवकेतून जावक वजा केली की शिल्लक मिळते, आणि चूक झाली तर ती कोणत्या दिवशी झाली ते सापडतं. क्रम ठरलेला ठेवा : आधी कप्पा स्कॅन, मग वस्तू, मग नग. नग भरताना एक सावधगिरी लागते. कर्सर नगांच्या रकान्यात असताना पुन्हा स्कॅन झालं तर १००००१ हाच नगांचा आकडा होऊन बसतो. त्या रकान्यावर ९९९ ची कमाल मर्यादा लावा. तुमचे नग त्याहून जास्त असतील तर मर्यादा वाढवा, पण सहा अंक मावू देऊ नका.

मोजणी सगळ्या गोदामाची एकदम करायची गरज नाही. रोज एक मांडणी घ्या. लेबल फाटलेलं दिसलं तर तोच नंबर पुन्हा छापा, नवा देऊ नका. नवं लेबल जुन्याच्या शेजारी लावू नका, जुन्यावर नीट झाकून बसवा, नाहीतर स्कॅनर दोन्हींपैकी हाती लागेल ते वाचतो.